तोंड आलं म्हणून उपचार थांबू नये : एका दुखण्याचा नव्वद वर्षांचा इतिहास



आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव आपल्या सगळ्याजणींच्या तोंडात असतं. ‘तोंड आलंय.’ जागरण झालं, ठेचा जास्त खाल्ला, पोट साफ नसलं की तोंड येतं. मग कोणी सांगतं जाईचा पाला चघळ, कोणी सांगतं रात्री साजूक तूप लावून झोप, कोणी गुलकंद देतं. ‘उष्णता झालीय’ असं म्हणून आपण चार दिवस काढतो. पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि आपण विसरून जातो.

पण कर्करोगावर उपचार चालू असलेल्या माणसाचं तोंड येतं, तेव्हा गोष्ट वेगळी असते. भोर-वेल्ह्याच्या गावांतून लोक किमोसाठी पुण्याला जातात, काहीजण मुंबईला टाटाला जातात. सलाईनमधून औषध घेतात आणि घरी येतात. पहिले तीन-चार दिवस घरच्यांना वाटतं, सोसलं बाई औषध. मग आठवडाभरानं तोंडात आग सुरू होते. ओठांच्या आतली कातडी लाल होते, सोलवटते, जिभेच्या कडेला आणि गालांच्या आत चट्टे पडतात. भाताचं शीत लागलं तरी डोळ्यांतून पाणी येतं. आवंढासुद्धा गिळवत नाही.

इथून खरी काळजी सुरू होते. जेवण तुटलं की वजन उतरतं. वजन उतरलं की डॉक्टर पुढचा डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात. कधी पेशंटच म्हणतो, ‘मला मरू द्या, पण ते औषध नको.’ शिवाय याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. तोंडातली फाटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. तिथून जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेततं. ज्या आजारावर उपचार चालू आहेत तो आटोक्यात येत असतो आणि माणूस तोंडाच्या फोडांमुळे हातचा जातो, असंही घडू शकतं.

हे किती जणांना होतं? साध्या किमोमध्ये शंभरातल्या वीस ते चाळीस जणांना. अस्थिमज्जा बदलण्याआधी जी खूप मोठ्या मात्रेची औषधं देतात, त्यात शंभरातल्या ऐंशीच्या आसपास लोकांना. आणि तोंड-घशाच्या कर्करोगावर किरणांचा शेक घेणाऱ्यांना तर जवळजवळ सगळ्यांना. म्हणून आज या दुखण्याचा इतिहास सांगायचा आहे. तो समजला की काय करायचं आणि का करायचं, हे आपोआप लक्षात राहतं. या इतिहासाचा एक धागा आपल्याच मुंबईत, परळच्या गिरणगावात सुरू होतो.

गिरणगावातल्या बायका आणि लुसी विल्स

आपल्या मावळातली कितीतरी माणसं पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागलं, कोणी गोदीत, कोणी हमालीला. त्या काळच्या गिरण्यांमध्ये बायकाही मोठ्या संख्येनं कामाला होत्या. गरोदरपणात यांतल्या अनेकजणी पांढऱ्याफटक पडत, दम लागे, पायांवर सूज येई. कितीजणी बाळंतपणातच दगावत. या प्रकारच्या रक्तक्षयात जीभ लाल, गुळगुळीत होते आणि तोंडही येतं.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर हा आजार शोधायला मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम सुरू केलं. सहकारी डॉक्टर तळपदे यांच्याबरोबर तिनं या बायका राहतात कशा, खातात काय, याची पाहणी केली. गरिबीत ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध फारसं नव्हतं, त्यांच्यात हा आजार जास्त होता. नेहमीच्या लोहाच्या औषधानं तो हटत नव्हता. आधी उंदरांवर आणि माकडावर प्रयोग झाले. शेवटी गुण आला एका अगदी स्वस्त पदार्थानं. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, त्याचा अर्क. विलायतेत तो पावाला लावून खातात, मार्माईट नावानं मिळतो. तो दिल्यावर बायकांचं रक्त भरायला लागलं. १९३१ साली तिनं हे छापून जाहीर केलं.

त्या अर्कात नेमकं काय होतं, ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते तत्त्व वेगळं काढलं गेलं. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज गरोदर बाईला आशाताई जी लोहाची गोळी देते, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असतं. म्हणजे गिरणगावातल्या त्या बायकांमुळे जे कळलं, ते आज आपल्या प्रत्येक वाडीवस्तीवर पोचलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा कर्करोगाशी काय संबंध? तो पुढे येतो.

औषध सापडलं आणि तोंडानं इशारा दिला

फॉलिक ॲसिडचं काम काय? शरीरात नवी पेशी तयार व्हायची असेल तर ते लागतं. जिथे पेशी भराभर वाढतात, तिथे ते जास्त लागतं. पोटातलं बाळ, रक्त आणि आपल्या तोंडाच्या आतलं अस्तर ही त्याची उदाहरणं.

हे अस्तर समजून घ्यायला आपली सारवलेली जमीन आठवा. रोजच्या वावरानं शेणाचा थर झिजतो आणि आपण पुन्हा सारवतो. हात थांबला की जमीन उखणते, पोपडे निघतात. तोंडाचं अस्तरही असंच रोज झिजतं आणि खालून रोज नवं भरून येतं. एक ते दोन आठवड्यांत सगळं अस्तर नवं होतं. म्हणूनच जीभ चावली तरी ती लवकर बरी होते.

अमेरिकेत येल्लाप्रगड सुब्बाराव नावाचे आपले शास्त्रज्ञ होते. १८९५ साली आंध्रातल्या भीमावरम गावी जन्मलेले. त्यांचा भाऊ स्प्रू नावाच्या आजारानं गेला होता. या आजारात जुलाब होतात, माणूस खंगत जातो आणि तोंड येतं. ‘स्प्रू’ हा शब्दच मुळात डच भाषेतल्या तोंड येण्याच्या शब्दावरून आला आहे. सुब्बाराव यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी १९४५च्या सुमारास फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार केलं.

बोस्टन शहरात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांवर उपचार शोधत होते. त्या वेळी अशी मुलं काही आठवड्यांत, महिन्यांत जात असत. फार्बरांच्या लक्षात आलं की फॉलिक ॲसिडसारखी औषधं दिली की या मुलांचा आजार उलट वाढतो. म्हणजे कर्करोगाच्या पेशींनाही वाढायला तेच लागतं. मग त्याची वाटच अडवली तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनं फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण त्याचं काम अडवणारं औषध बनवून दिलं. त्याचं नाव अमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बरांनी निकाल छापला. सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली, पण गोळ्या-इंजेक्शनांनी रक्ताचा कर्करोग मागे हटू शकतो, हे जगाला दिसलं.

आणि त्याच अहवालात तोंड येण्याची नोंद आहे. औषध कर्करोगाच्या पेशी अडवत होतं, पण तोंडाचं अस्तर भरणाऱ्या पेशीही अडवत होतं. सारवणारा हात थांबला होता. तोंडात फोड दिसले की डॉक्टर समजत, मात्रा जास्त झाली, आता थांबायला हवं. तोंड म्हणजे जणू इशारा देणारी घंटाच झालं. याच औषधाचा धाकटा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आजही कर्करोगासाठी आणि थोड्या मात्रेत संधिवातासाठी वापरतात.

पुढे डॉक्टरांनी एक युक्ती शोधली. मेथोट्रेक्सेट भरपूर द्यायचं आणि ठरलेल्या तासांनी फोलिनिक ॲसिड नावाचं उतारा-औषध द्यायचं, म्हणजे चांगल्या पेशी सावरतात. तोंडाच्या बचावासाठी मुद्दाम आखलेल्या पहिल्या उपायांपैकी हा एक. पण त्यात वेळ पाळणं सगळ्यांत महत्त्वाचं. उताऱ्याची गोळी सकाळी सहाला सांगितली असेल, तर ती सहालाच. आणि हे लक्षात ठेवा, मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या माणसाला ताकदीसाठी म्हणून घरातली फॉलिक ॲसिडची गोळी आपल्या मनानं देऊ नका. डॉक्टरांना विचारूनच द्या.

परळचं टाटा रुग्णालय

ज्या १९३१ साली लुसी विल्स यांचा लेख छापून आला, त्याच साली मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. बालविवाह बंद व्हावेत म्हणून झालेल्या शारदा कायद्यासाठी त्यांनी काम केलं होतं, बायकांच्या संघटना उभ्या केल्या होत्या. त्यांच्यामागे दोराबजींनी त्यांच्या नावानं रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी ठेवला. पुढे टाटांच्या विश्वस्तांनी परळला, हाफकिन संस्थेच्याच परिसरात, कर्करोगाचं रुग्णालय उभारलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. आता ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. गावाकडच्या माणसाला ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं तरी सगळं समजतं. नातेवाइकांना राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तीही अनेकांना ठाऊक असेल.

या रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. ते करणारे डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीवर असत. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे त्यांनी हे तंत्र शिकून घेतलं होतं. रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि तिला मज्जा देणारा तिचा भाऊ. ती मुलगी बरी झाली.

प्रत्यारोपणात होतं काय? आधी खूप मोठ्या मात्रेची औषधं, कधी किरणांचा शेकही देऊन, हाडांतली आजारी मज्जा पूर्ण संपवतात. मग दुसऱ्याची किंवा स्वतःचीच साठवलेली निरोगी बीजं रक्तातून सोडतात. ती रुजून नवं रक्त तयार करेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. या काळात अंगात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते आणि तोंडाचं अस्तर मात्र सगळ्यात जास्त फाटलेलं असतं. काहींना वेदनेसाठी मॉर्फिन लावावं लागतं, काहींना शिरेतून अन्न द्यावं लागतं. म्हणून अशा उपचारांत तोंड वाचवणं हा डॉक्टरांपुढचा मोठा प्रश्न होता. आणि त्याचं एक उत्तर अगदी साधं निघालं.

बर्फाचा खडा

१९५७ साली अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांनी फ्लुरोयुरॅसिल नावाचं औषध शोधलं. आतड्याच्या, स्तनाच्या, तोंड-घशाच्या कर्करोगावर ते आजही देतात. शिरेतून झटकन दिलं की थोड्याच मिनिटांत ते रक्तातून ओसरतं. पण तेवढ्या वेळातही तोंडाला इजा करून जातं.

मग काही डॉक्टरांनी असा विचार केला. थंडीत आपली बोटं पांढरी पडतात, कारण रक्तवाहिन्या आकसतात. मग औषध अंगात जात असताना तोंड गार ठेवलं तर तोंडाकडे रक्त कमी जाईल आणि रक्ताबरोबर औषधही कमी जाईल. १९९१ साली त्यांच्या चाचणीचा निकाल छापून आला. ९५ पेशंट घेतले होते. निम्म्यांना औषध सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे बारीक खडे फिरवत ठेवायला सांगितलं. निम्म्यांना काहीच नाही. बर्फवाल्यांचा त्रास जवळजवळ अर्ध्यावर आला.

प्रत्यारोपणाआधी मेलफॅलन नावाचं औषध मोठ्या मात्रेत देतात. २००६ साली त्याच सिॲटलमधून, जिथे अडवाणी शिकले होते, ४० पेशंटांवरच्या चाचणीचा निकाल आला. एका गटानं मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, दुसऱ्यानं तोंडात बर्फ धरला. मिठाच्या पाण्याच्या गटात दर चौघांपैकी सुमारे तिघांना तीव्र फोड आले. बर्फाच्या गटात सातांपैकी एकाला.

विचार करा मैत्रिणींनो. लाखाच्या घरातल्या उपचारात हा उपाय पाण्याचा आहे. तोंड येऊ नये म्हणून अमेरिकेत २००४ साली एका इंजेक्शनला मान्यता मिळाली होती. पण त्याची किंमत अशी की सामान्य माणसाला ते परवडणं कठीण. बर्फ मात्र कुठेही होतो.

पण बर्फ सगळ्यांसाठी नाही. औषध झटकन देऊन झटकन ओसरणारं असेल, तेव्हाच त्याचा उपयोग. तेच फ्लुरोयुरॅसिल पंपानं दोन दिवस हळूहळू सोडलं, तर अर्ध्या तासाच्या बर्फानं काय होणार? आणि ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध असेल तर थंड वस्तूच वर्ज्य असते. त्यात गार पाणी प्यायलं तरी घशात चमका येतात. म्हणून आधी विचारायचं, ‘डॉक्टर, या औषधाला बर्फ चालतो का?’ एवढाच प्रश्न. चालत असेल तर बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच हवा. जत्रेतल्या गोळ्याचा नको.

मिठाचं पाणी

दुसरा शोध याहूनही साधा. औषधाच्या दुकानात तोंड धुवायची नाना तऱ्हेची औषधं मिळतात. २००० साली कॅलिफोर्नियातल्या मेरिलिन डॉड या नर्सबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किमोमुळे तोंड आलेल्या पेशंटांवर तीन गोष्टी तपासल्या. एक जंतुनाशक औषध, एक अनेक औषधांचं मिश्रण आणि एक साधं मीठ-सोड्याचं पाणी. तिन्हींनी तोंड सारख्याच दिवसांत बरं झालं. मग डॉड म्हणाल्या, सगळ्यात स्वस्त आहे तेच वापरा.

मीठ-सोड्याचं पाणी कसं करायचं ते लिहून ठेवा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं. त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ आणि एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा घालायचा. धुण्याचा सोडा नव्हे, भजी-ढोकळ्यात घालतो तो. रोज ताजं करायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, जेवणानंतर आणि झोपण्याआधी चूळ भरायची, तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. गिळायचं नाही.

हळद आणि मधाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. यावरही काम झालं आहे. मलेशियात २००३ साली, डोक्या-मानेवर किरणं घेणाऱ्या ४० पेशंटांवर मधाचा प्रयोग झाला आणि मध लावणाऱ्यांना तीव्र त्रास कमी झाला. मंगळूरला २०१४ साली, किरणं घेणाऱ्या ८० पेशंटांमध्ये हळदीच्या गुळण्यांनी फोड उशिरा आणि कमी आल्याचं दिसलं. कर्नाटकातल्याच मणिपालला लेझरच्या मंद प्रकाशानं तोंड वाचवण्याच्या चाचण्या झाल्या. आज जगभरच्या तज्ज्ञांच्या सूचनांत लेझरला आणि बर्फाला जागा आहे. किरणं घेणाऱ्यांसाठी मधाचाही विचार करावा, असं त्यात म्हटलं आहे. पण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला कच्चा मध, झाडावरून तोडलेला पाला, न शिजवलेलं काहीही देणं धोक्याचं. आपला जाईचा पाला नेहमीच्या तोंड येण्याला ठीक. किमोच्या दिवसांत तो बाजूला ठेवायचा.

आपल्या जिल्ह्याची पाहणी आणि मिश्री

आता घराजवळची गोष्ट. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या पथकानं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. १९७२ साली तो अहवाल छापला गेला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी दिसणारे पांढरे चट्टे तंबाखूशी जोडलेले आहेत, हे अशा पाहण्यांतून पक्कं होत गेलं. तंबाखू चघळणं, विडी ओढणं आणि बायकांची मिश्री.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘दात दुखतो’, ‘पोट साफ होत नाही’ असं म्हणून ती लागते आणि मग सुटत नाही. आजच्या विषयाशी तिचा दुहेरी संबंध आहे. एक तर ती तोंडाचा कर्करोग आणते. दुसरं, कोणताही कर्करोग असो, उपचार घेताना मिश्री-तंबाखू चालू राहिली तर आधीच सोललेल्या अस्तरावर तो निखारा ठेवल्यासारखं होतं. उपचार ठरले त्या दिवशी मिश्रीची डबी घराबाहेर गेली पाहिजे, सगळ्या घराची. एकीनं सोडायची आणि शेजारी बसून दुसरीनं लावायची, असं जमत नाही.

आणखी एक फरक ओळखा. किमोनं आलेलं तोंड साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. पण कोणतंही औषध चालू नसताना तोंडात जखम झाली आणि ती तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा राहिला, तर ती उष्णता समजू नका. ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

घरी काय करायचं

इतक्या वर्षांच्या इतिहासातून घरासाठी एवढं निघतं.

उपचार सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवून घ्या. किडलेला दात, हलणारा दात, टोचणारी कवळी यांचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे. किमो सुरू झाल्यावर दात काढणं अवघड होतं.

दात रोज दोनदा, अगदी मऊ ब्रशनं घासायचे. राख, कोळसा, मीठ, विटेची पूड काही नको. ब्रशही लागत असेल तर स्वच्छ मऊ फडक्यानं पुसा, पण तोंड धुणं सोडू नका. आग होते म्हणून धुणं सोडलं की जंतू वाढतात.

मीठ-सोड्याच्या चुळा पहिल्या दिवसापासून सुरू करा. फोड यायची वाट पाहू नका. मद्यार्क असलेलं तिखट माऊथवॉश नको.

रोज सकाळी उजेडात तोंड उघडून बघा. ओठाच्या आत, जिभेखाली, गालाच्या आत. लाली कुठे आहे, चट्टा किती, जेवण किती गेलं, हे वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांना ती वही दाखवा. डॉक्टर दहा मिनिटं बघतात, तुम्ही दिवसभर बघता. दह्यासारखा पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो आणि त्याला वेगळं औषध लागतं.

जेवण मऊ आणि गार ठेवा. तांदळाची पेज, मऊ गुरगुट्या भात, वरण गाळून, नाचणीचं सत्त्व, दूध-साबुदाणा, शिजवलेला भोपळा कुस्करून. थोडं तूप. तिखट, चिंच, लिंबू, कडक भाकरी, फरसाण, गरम चहा हे सगळं थोडे दिवस बंद. एका वेळी दोन घास गेले तरी चालेल, दर दोन तासांनी द्या. पाणी पीत राहायचं.

दुखतं म्हणून दुकानातून गोळी आणून देऊ नका. तोंड बधिर करणारं, दुखणं थांबवणारं औषध डॉक्टरांकडे असतं. ते मागा. दुखणं सोसणं म्हणजे धीर नव्हे. दुखणं थांबलं तर जेवण जातं आणि जेवण गेलं तर पुढची तारीख पाळता येते.

आणि ताप १००.४ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेला, थंडी वाजली, तोंडातून रक्त यायला लागलं किंवा पाणीही गिळवेना, तर सकाळची एसटी धरू असं म्हणू नका. त्याच रात्री रुग्णालयाला फोन करा आणि निघा. घरात तापमापी हवीच.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम नक्की करा. आपल्या गावात कोणाचे उपचार चालू आहेत, त्यांच्या घरी एक तापमापी, एक मऊ ब्रश आणि एक वही आहे का, ते विचारा. नसेल तर गटातून द्या. बर्फासाठी कोणाच्या तरी घरचा फ्रिज आणि एक थर्मास लागेल. तेही ठरवून ठेवा. गिरणगावातल्या बायका काय खातात, हे कोणीतरी नीट विचारलं, म्हणून फॉलिक ॲसिडची वाट सापडली. आजारी माणसाच्या तोंडात रोज नीट बघणं, हेही त्याच जातीचं काम आहे आणि ते आपल्याला येतं.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.